तोरेस देल पाइनेत प्युमा पाहायचा तर ग्वानाकोवर नजर ठेवा

प्रश्न थोडक्यात असा: डिसेंबरच्या सुट्टीत चिलीच्या तोरेस देल पाइने राष्ट्रीय उद्यानासाठी पाच दिवस हातात आहेत. त्यात डब्ल्यू ट्रेक (नकाशावर इंग्रजी W सारखी दिसणारी चार-पाच दिवसांची पायवाट) करायचाय, प्युमा हे बिबट्याएवढे रानटी मांजरही पाहायचेय, आणि गाईड महाग पडतो म्हणून भाड्याची गाडी घेऊन आपले आपणच फिरायचा विचार आहे. जमेल का?

ट्रेक जमेल. त्याच पाच दिवसांत त्याच पायवाटेवर प्युमा दिसला तर ती लॉटरी समजायची. ट्रेकचा मुलूख वेगळा आणि प्युमाचा मुलूख वेगळा, हे आधी नकाशावर समजून घेतले की पुढची बरीचशी गणिते आपोआप सुटतात.

उद्यानाच्या पश्चिमेला दक्षिण पॅटागोनियाचे प्रचंड हिमक्षेत्र आहे. प्रशांत महासागरावरून येणारे वारे आपला ओलावा तिकडे डोंगरांवरच रिता करतात आणि पूर्वेकडे पोचेपर्यंत कोरडे होतात. महाबळेश्वरला धो धो पाऊस आणि त्याच तारखेला दहिवडी-म्हसवडकडे नुसती धूळ, तोच हिशेब. म्हणून ग्रे हिमनदीच्या बाजूला लेंगा आणि कोइवे या झाडांचे दाट, ओले जंगल, आणि लागुना आमार्गा व लागो सार्मिएंतो या तळ्यांच्या बाजूला कोइरोन नावाच्या ताठ, पिवळट गवताचे उघडे माळ. ग्वानाको हा उंटाच्या कुळातला प्राणी या माळावर चरतो आणि प्युमा त्याच्या मागे असतो. डब्ल्यू ट्रेक मात्र डोंगराच्या पायथ्याने, जंगलातून आणि तळ्यांच्या काठाने जातो. ट्रेकर चार दिवस पाइनेच्या सुळक्यांकडे तोंड करून चालतात आणि प्युमा त्यांच्या पाठीमागे, पंधरा-वीस किलोमीटरवर गवतात पडलेला असतो.

उद्यान १९५९ साली स्थापन झाले आणि १९७८ मध्ये युनेस्कोने त्याला जीवावरण राखीव क्षेत्राचा दर्जा दिला. त्याआधी इथे मेंढ्यांच्या मोठमोठ्या वाड्या होत्या, ज्यांना तिकडे एस्तान्सिया म्हणतात. मेंढ्या खातो म्हणून प्युमा मारायला ‘लेओनेरो’ नावाचे पगारी शिकारी ठेवलेले असत (तिकडचा शेतकरी प्युमाला ‘लेओन’ म्हणजे सिंहच म्हणतो). उद्यानातून गुरे-मेंढरे हलली, ग्वानाकोंची संख्या शेकड्यांवरून हजारांवर गेली, १९८० पासून प्युमाच्या शिकारीला देशभर बंदी आली. आज इथला प्युमा माणसाला पाहून जंगलात नाहीसा होत नाही, त्यामागे हा चाळीसेक वर्षांचा इतिहास आहे. उद्यानाच्या कुंपणापलीकडे मेंढपाळी अजून चालू आहे, ही गोष्ट लक्षात असू द्या. खाली तिचा संदर्भ येईल.

आता मुख्य भाग. ताडोबात जिप्सीत बसून चितळाचा कॉल, म्हणजे धोक्याच्या इशाऱ्याचा आवाज, ऐकण्याची सवय असलेल्याला इथे अर्धी तयारी आयतीच मिळते, पण उरलेली अर्धी नव्याने शिकावी लागते. पहिला फरक असा की प्युमा डरकाळी फोडत नाही. तो मोठ्या मांजरांत मोडतच नाही. घरच्या मांजरासारखा घुरघुरतो. माजावर आलेली मादी रात्री किंचाळते, तेवढाच काय तो मोठा आवाज. दुसरा फरक वजनाचा. इथला नर साधारण ६० ते ८० किलो, मादी ४० ते ५०. म्हणजे वाघाशी नव्हे, बिबट्याशी तुलना करा. मातकट, एकरंगी अंग त्याच रंगाच्या गवतात बसले की पन्नास मीटरवरूनही हाती लागत नाही. दुर्बिणीने माळ विंचरत प्युमा शोधणे हा वेळ घालवण्याचा खात्रीचा मार्ग आहे. बघायचे ते ग्वानाकोकडे.

ग्वानाकोचा कळप दोन प्रकारचा. एक कुटुंबाचा: एक मालक नर, त्याला ‘रेलिंचो’ म्हणतात, आणि त्याच्या माद्या व पिल्ले. दुसरा बिनकुटुंबाच्या तरुण नरांचा, जो मोठा आणि सैल असतो. कुटुंबातला रेलिंचो बहुधा उंचवट्यावर उभा राहून राखण करतो. त्याला प्युमा दिसला की मान ताठ, कान पुढे, आणि एक विचित्र खिंकाळी: घोड्याचे शिंगरू आणि खिदळणारे माणूस यांच्या मधला आवाज. तो थांबून थांबून पुन्हा काढतो. तुमच्या कामाची खूण मात्र आवाजापेक्षा दिशेची आहे. पाच-सात ग्वानाको वेगवेगळ्या ठिकाणी उभे राहून एकाच बिंदूकडे रोखून बघत असतील, तर त्या नजरांच्या रेषा जिथे एकमेकींना छेदतात तिथे प्युमा आहे. गंमत म्हणजे ते लगेच पळत नाहीत. दिसलेला प्युमा धोक्याचा नसतो, न दिसलेला असतो. म्हणून ते त्याला नजरेत ठेवतात, कधी कधी चार पावले पुढेही येतात. प्युमा उघडा पडला, हे त्याला कळवण्याचा तो प्रकार आहे.

खोटे कॉल पुष्कळ. दोन नर भांडत असतील तर किंकाळ्या त्याहून भेसूर असतात; नवखा माणूस तिकडेच गाडी पळवतो. ओळखायचे असे: भांडणात दोघे नागमोडी धावतात, मागचा पुढच्याच्या पायांना चावायला बघतो, आणि बाकीचा कळप निवांत चरत असतो. खऱ्या कॉलमध्ये कोणी चरत नाही. कोल्ह्यासाठीही कॉल होतो, पण तो दोन-तीन वेळा होऊन विरतो. घोडेस्वार किंवा वाट सोडून चालणारा पर्यटक दिसला तरी होतो. कॉल सुरू झाल्यावर गाडी थांबवा, इंजिन बंद करा, आणि पंधरा मिनिटे ग्वानाकोंच्या माना कशा वळतात ते बघा. माना हळूहळू एका बाजूला सरकत असतील तर प्युमा चालतोय. एकाच जागी खिळल्या असतील तर तो दबा धरून आहे, आणि मग अर्धा-पाऊण तास हलायचे नाही.

दुसरा धागा मढ्याचा. प्युमाने मोठा ग्वानाको मारला की एका बैठकीत तो संपत नाही. पोटभर खाऊन तो वर गवत आणि काटक्या ओढतो आणि पुढचे तीन-चार दिवस परत परत येतो. मादीबरोबर पिल्ले असतील तर शिकार लवकर संपते. आकाशात कोंडोर हे प्रचंड गिधाड आणि कारांचो म्हणजे काराकारा हा ससाण्याच्या कुळातला पण गिधाडाच्या वळणावर गेलेला पक्षी घिरट्या घालू लागले की जागा कळते, पण पक्षी कुठे आहेत यापेक्षा काय करताहेत हे बघा. जमिनीवर उतरून मढ्यावर तुटून पडले असतील तर प्युमा निघून गेला. दगडांवर बसून नुसती वाट बघत असतील, मढे समोर असून कोणी जवळ जात नसेल, तर मालक तिथेच झुडपात आहे. आणि एक फसवी खूण: पूर्वेकडच्या एस्तान्सियांच्या तारेच्या कुंपणांत ग्वानाकोची पिल्ले उडी मारताना मागचा पाय अडकून मरतात. कुंपणाच्या रेषेवरच पक्षी जमले असतील तर आधी ही शक्यता तपासा.

कोंडोरबद्दल जाता जाता: पंखांचा पसारा तीन मीटरच्या आसपास. पूर्ण वाढलेल्याच्या गळ्याशी पांढरी लव आणि पंखांवर वरच्या बाजूने पांढरा पट्टा असतो. तुरा फक्त नराला. तपकिरी दिसतो तो दोन-चार वर्षांचा पोरगा. ज्याला लोक घाईत कोंडोर म्हणून फोटो काढतात तो पुष्कळदा काळ्या छातीचा गरुड असतो. त्याचे पंख रुंद तिकोनी आणि शेपूट इतके आखूड, की जणू कोणी छाटले आहे.

ठसे बघायचे तर तळ्यांच्या काठच्या ओल्या मातीत. प्युमाचा ठसा गोलसर, आठ-दहा सेंटीमीटरचा, नखांच्या खुणा नाहीत. कुल्पेओ कोल्ह्याचा लांबट, त्याहून बराच लहान, पुढे नखांचे ठिपके. लागो सार्मिएंतोच्या काठाला चुनखडीसारख्या पांढऱ्या, फुगीर खडकांची कड आहे. पाण्यातल्या सूक्ष्मजीवांच्या कामातून कॅल्शियम कार्बोनेट साठत जाऊन त्या बनल्या आहेत. त्यांच्या कपारींत वारा लागत नाही, म्हणून प्युमाच्या माद्या पिल्लांना तिथे ठेवतात. पांढऱ्या खडकावर प्युमा एरवीपेक्षा चटकन दिसतो, त्यामुळे ही कड दुर्बिणीने सावकाश पाहणे मात्र सार्थकी लागते.

आता महिना. डिसेंबरचा आग्रह असेल तर त्याचे परिणाम माहीत असू द्या. हे ठिकाण ५१ अंश दक्षिणेला आहे आणि तिथले घड्याळ वर्षभर एकच असते. डिसेंबरच्या उत्तरार्धात सूर्य साडेपाचच्या सुमाराला उगवतो आणि रात्री दहाला मावळतो. प्युमा फिरतो तो पहाटे आणि तिन्हीसांजेला. म्हणजे पहाटे साडेचारला निघायचे, रात्री अकराला परतायचे, आणि जेमतेम पाच तास झोप. दोन दिवस उत्साहात जातात, तिसऱ्या दिवशी माणूस गाडीत घोरतो. त्यातच नोव्हेंबर ते जानेवारी हा वाऱ्याचा मोसम. ताशी शंभर किलोमीटरचे झोत ही बातमी नसते. डिसेंबरच्या बाजूने एक मोठी गोष्ट आहे: ग्वानाकोची पिल्ले, म्हणजे चुलेंगो, नोव्हेंबर ते जानेवारीत जन्मतात. अकरा महिन्यांहून जास्त गर्भारपणानंतर एकच पिल्लू, आणि ते काही मिनिटांत पायांवर उभे राहते. प्युमाचा तो सुगीचा काळ. न्यांदू या शहामृगासारख्या पक्ष्याचा नरही तेव्हाच पिल्लांची पलटण मागे घेऊन हिंडतो. अनेक माद्यांची अंडी एकाच घरट्यात असतात, आणि ती उबवण्यापासून पोरे सांभाळण्यापर्यंत सगळे बापाकडे.

माझ्या मते प्युमासाठी सर्वांत चांगले महिने एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबर. एप्रिलच्या मध्यावर सूर्योदय साडेआठच्या पुढे आणि सूर्यास्त सातच्या सुमाराला; माणसाच्या वेळा आणि प्राण्याच्या वेळा जुळतात. वारा उतरलेला, लेंगाची पाने तांबडी. खरा कडक हिवाळा, जून ते ऑगस्ट, बहुतेकांना भीतीदायक वाटतो, पण तो वाटतो तेवढा वाईट नाही. सूर्य दहाच्या आसपास उगवतो, म्हणजे नाश्ता करून निघता येते. हवा बहुधा शांत असते, बर्फामुळे ग्वानाको खाली उतरतात आणि बर्फावर प्युमा लपत नाही. उजेड मात्र आठच तास, पारा शून्याखाली, रस्त्यांवर बर्फ. साधारण मे ते सप्टेंबर डोंगरातल्या पायवाटांवर गाईडशिवाय जाता येत नाही, आणि बऱ्याच कॅम्पसाइट बंद असतात. थोडक्यात, ट्रेक मुख्य असेल तर उन्हाळा, प्युमा मुख्य असेल तर उन्हाळा सोडून कुठलाही महिना.

गाईडचा खर्च वाचवण्याबद्दल. उद्यानात ठरलेली पायवाट सोडून चालायला बंदी आहे. सार्मिएंतो आणि लागुना आमार्गा या दोन प्रवेशद्वारांमधली जी वन्यजीवांसाठी प्रसिद्ध पायवाट आहे, तिथेही मान्यताप्राप्त गाईड लागतो. म्हणजे स्वतःच्या गाडीतून तुम्हाला फक्त रस्ता मिळतो. रस्त्यावरून प्युमा दिसतो का? दिसतो, विशेषतः लागुना आमार्गाच्या आसपास पहाटे. पण दिसतो तेव्हा तो रस्ता ओलांडून माळावर जातो आणि तुम्ही तिथेच. लोक ज्याला ‘प्युमा टूर’ म्हणतात ती बरीचशी उद्यानाला लागून असलेल्या खासगी एस्तान्सियांच्या जमिनीवर होते, जिथे मालकाच्या परवानगीने आणि गाईडबरोबर पायी फिरता येते. तिथे गाईडशिवाय एक दुसरा माणूस असतो, त्याला रास्त्रेआदोर म्हणजे माग काढणारा म्हणतात. तो अंधारातच थर्मल कॅमेरा घेऊन निघालेला असतो आणि वायरलेसवर गाईडला जागा सांगतो. पैसे खरे म्हणजे या माणसाचे असतात.

म्हणून टूर घेताना दर विचारण्याआधी हे विचारा: माग काढणारा वेगळा आहे की गाईडच दोन्ही कामे करणार? एस्तान्सियाची प्रवेश फी आणि उद्यानाचे तिकीट दरात आहे की वर? गाडीत किती जण? चारपेक्षा जास्त असतील तर खिडकी मिळणे आणि शांतता राखणे दोन्ही अवघड होते. दिवसातून दोन फेऱ्या आहेत की एकच लांबलचक? दुपारी काही घडत नाही. दोन फेऱ्याच घ्या. आणि मुक्काम कुठे? पुएर्तो नातालेसला राहून रोज ये-जा करणाऱ्या टूर टाळा. शहरापासून लागुना आमार्गाचे दार शंभरावर किलोमीटर, दोन तासांचा रस्ता. पहाटेची सर्वांत मोलाची वेळ गाडीतच जाते. दिवसांचे म्हणाल तर तीन पूर्ण दिवस, म्हणजे सहा फेऱ्या, हे किमान धरा. ‘एका दिवसात प्युमाची हमी’ असे लिहिले असेल तर एक तर कोणीतरी मढ्याजवळ बसून आहे, किंवा जाहिरात लिहिणाऱ्याला लाज नाही.

अंतराबाबत. इथले काही प्युमा माणसाला इतके सरावले आहेत की पर्यटकांच्या रांगेजवळून सरळ चालत जातात. त्याचा मोह होतो, पण पन्नास मीटरच्या आत आपण होऊन जाऊ नये, आणि त्याच्या चालण्याच्या वाटेवर पुढे जाऊन बसू नये. शिकारीच्या तयारीतल्या मादीपुढे वीस माणसांची रांग उभी राहिली की ग्वानाको माणसांकडे बघतात, तिचा अंदाज चुकतो आणि पिल्ले उपाशी राहतात. दुसरे, माणसाला न घाबरणारा प्युमा कुंपण ओलांडून मेंढ्यांच्या वाडीत गेला की तिथला माणूस फोटो काढायला आलेला नसतो. बंदी असूनही बंदुका आहेत. आता काही वाड्यांवर मेंढ्यांबरोबर राखणीची मोठी पांढरी कुत्री वाढवतात, आणि त्याने बंदुकीची गरज कमी होते, हा चांगला मार्ग आहे.

पायवाटेवर एकटे असताना प्युमा समोर आलाच तर पळायचे नाही आणि खाली वाकायचे नाही. तोंड त्याच्याकडे ठेवा, हात वर करून मोठे दिसा, खणखणीत बोला, सावकाश मागे सरका. लहान मूल असेल तर त्याला उचला, पण नजर न काढता. पहाटे किंवा संध्याकाळी पायवाटेवर एकट्याने धावायला जाणे हा उद्योग इथे नको.

गाडी घेणारच असाल तर चार गोष्टी. उद्यानात पेट्रोल पंप नाही. नातालेसला टाकी पूर्ण भरा. आतले रस्ते बरेचसे खडीचे आहेत. चाळीस-पन्नासच्या वर गेलात की वळणावर मागची चाके सरकतात आणि समोरच्या गाडीची खडी काचेवर येते. अंधारात ग्वानाको रस्त्यावरच बसतात, त्यांचे डोळे हेडलाइटमध्ये उशिरा चमकतात. चौथी गोष्ट बाहेरून येणाऱ्याला कोणी सांगत नाही: गाडीचे दार. वाऱ्याकडे पाठ करून गाडी लावली आणि दार सहज उघडले की वारा ते हातातून हिसकावून पुढच्या पत्र्यावर आपटतो आणि बिजागरी वाकते. दार मग नीट लागतच नाही. भाड्याच्या गाड्यांच्या विम्यात वाऱ्याने झालेले दाराचे नुकसान बऱ्याचदा धरलेले नसते, करारात ती ओळ शोधा. गाडी नेहमी तोंड वाऱ्याकडे करून लावा, एका वेळी एकच दार उघडा, आणि उघडताना दोन्ही हातांनी धरा.

कॅमेऱ्याचे थोडे. १००-४०० किंवा २००-६०० लेन्स पुरते. लोकांचे फोटो इथे दोन कारणांनी बिघडतात आणि दोन्ही वेळा दोष लेन्सवर जातो. ऊन चढले की तापू लागलेल्या जमिनीवरची हवा थरथरते. दोनशे मीटरवरचा प्युमा कितीही भारी लेन्सने मऊच येणार. त्या वेळी फोटो नका, दुर्बिणीने वागणूक बघा. दुसरे, प्युमा कोइरोनमध्ये असताना कॅमेरा समोरच्या गवताच्या काडीवर फोकस धरतो. प्राण्याचा डोळा ओळखणारी सोय बंद करून एकाच बिंदूचा फोकस डोळ्यावर ठेवा. ट्रायपॉडची मधली दांडी वर काढू नका. आणि त्याला वजन म्हणून पिशवी लटकवलीत तर ती वाऱ्यात झुलते आणि सगळा ट्रायपॉड हलवते. पिशवी जमिनीला टेकलेली हवी. परवानगीशिवाय ड्रोनला बंदी आहे. दुर्बीण ८×४२ घ्या. दहाची जास्त दाखवते, पण वाऱ्यात हातात स्थिर राहत नाही.

ट्रेकवर काही दिसतच नाही असे समजू नका, तिथले प्राणी वेगळे आहेत. लेंगाच्या जंगलात मॅगेलन सुतार हा दक्षिण अमेरिकेतला सर्वांत मोठा सुतारपक्षी असतो. त्याचा आवाज म्हणजे लाकडावर दोनच ठोके, टक्-टक्, मग शांतता. नराचे सगळे डोके लालभडक. मादी काळी, चोचीच्या मुळाशीच थोडा लाल रंग. एक दिसला की जवळपास जोडीदार असतोच, थांबा. खळाळत्या पाण्यात दगडांवर टोरेंट बदक शोधा. आणि लागो ग्रे-पिंगोच्या बाजूला वेमुल. चिलीच्या राजमुद्रेवर कोंडोरबरोबर जे हरीण आहे ते हेच. चिली आणि अर्जेंटिना मिळून दोन हजारांच्या आतच उरले असावेत असा अंदाज आहे. वेमुल माणूस दिसला की पळत नाही, गोठून उभा राहतो. त्यामुळे लोक दहा मीटरवरून न बघता निघून जातात. उलट कुत्र्यापुढे हीच सवय त्याच्या जिवावर उठते, म्हणून उद्यानात कुत्री आणायला सक्त मनाई आहे.

सामानात छत्री आणि पॉन्चो नको, दोन्ही पहिल्याच तासात उलटे होतात. पाठीवरच्या पिशवीचे बाहेरचे पावसाळी कव्हर उडून तळ्यात जाते. त्याऐवजी पिशवीच्या आत जाड प्लास्टिकची मोठी थैली घालून त्यात कपडे भरा. टोपीला दोरी हवी.

आगीबद्दल इथले वनरक्षक जे कडक वागतात त्याला कारण आहे. २००५ च्या फेब्रुवारीत एका पर्यटकाचा कॅम्पिंग स्टोव्ह कलंडला आणि पंधरा हजारांहून जास्त हेक्टर जळाले. २०११ च्या डिसेंबरअखेर टॉयलेट पेपर जाळण्यावरून लागलेल्या आगीत सतरा हजारांवर हेक्टर गेले. वाऱ्यात आग विझत नाही, फक्त पुढे जाते, आणि लेंगाचे जंगल पुन्हा उभे राहायला पिढ्या लागतात. स्टोव्ह फक्त कॅम्पसाइटवर नेमून दिलेल्या जागी. चहाची तलफ आली म्हणून आडोसा बघून पेटवलात तर दंड आणि हकालपट्टी दोन्ही.

आपल्या लोकांसाठी खास: चिलीत उतरताना शेती आणि पशुजन्य पदार्थांचे जाहीरपत्र भरावे लागते, आणि बॅगा स्कॅन होतात. चिवड्यातले शेंगदाणे, तिळाचे लाडू, लोणचे, तूप, मध, सुका मेवा, आख्खे मसाले, सगळे त्यात येते. ‘आहे’ वर खूण करा. जाहीर केलेले काही चालत नसेल तर ते काढून घेतील, बस. ‘नाही’ लिहून सापडले तर दंड. अर्जेंटिनातल्या एल कालाफातेहून बसने येतानाही सीमेवर हेच होते. सकाळी तिकडे घेतलेले सफरचंद खिशात राहते आणि माणूस अडकतो. दुसरे, पीतज्वर. चिलीसाठी त्या लशीची गरज नाही, पण ब्राझील, अर्जेंटिना, पेरू हे देश भारताच्या पीतज्वर यादीत आहेत. साओ पावलोत विमान बदलून किंवा कालाफाते फिरून मुंबईत परत उतरणाऱ्याकडे लशीचे पिवळे कार्ड मागितले जाऊ शकते. नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरण होऊ शकते. लस निघण्याच्या किमान दहा दिवस आधी, आणि ती ठरावीक सरकारमान्य केंद्रांवरच मिळते.

तर तुमच्या पाच दिवसांचे काय. पूर्ण डब्ल्यू ट्रेक पंचाहत्तर-ऐंशी किलोमीटरचा. चार-पाच दिवस त्यातच जातात, आणि डिसेंबरमधली कॅम्पसाइटची आरक्षणे कित्येक महिने आधी भरतात. आरक्षणाशिवाय वाटेवर मुक्काम करू देत नाहीत. म्हणून ट्रेक सोडून त्यातले दोन उत्तम तुकडे घ्या. पहिल्या दिवशी पुदेतोच्या धक्क्याहून लागो पेओए हे तळे बोटीने ओलांडून ग्रे हिमनदी दिसणाऱ्या पहिल्या माथ्यापर्यंत जाऊन त्याच दिवशी परत. शेवटच्या बोटीची वेळ सकाळीच विचारून ठेवा. मधले तीन दिवस लागुना आमार्गाच्या बाजूला मुक्काम करून पहाट-संध्याकाळ प्युमाच्या मागे, दुपारी झोप. पाचव्या दिवशी तीन सुळक्यांच्या पायथ्याचा ट्रेक: जाऊन-येऊन वीसेक किलोमीटर, आठ-नऊ तास, शेवटचा तास मोठमोठ्या दगडांवरून खडी चढण. हा दिवस शेवटी ठेवण्याचे कारण एकच. चौथ्या दिवशी संध्याकाळपर्यंत प्युमा दिसला नसेल, तर गाईडला पाचव्या पहाटेसाठीही तयार ठेवा, आणि चढाईला साडेआठच्या पुढे निघा. डिसेंबरात उजेड रात्री दहापर्यंत पुरतो.